हरकत असल्यास कळवावे

अख्ख्या नाशिक जिल्ह्यात कुणी विरोध केला की ज्याचा चेहरा खुलतो असा माणूस एकच, आणि तो नेमका माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान. बाहेरचे त्यांना सर म्हणतात, मीही सर म्हणतो, आणि आता ताईसुद्धा सरच म्हणतात. फक्त त्यांच्या तोंडी तो शब्द 'पुरे झालं' या अर्थाने येतो. सर सार्वजनिक धोरण शिकवतात. म्हणजे काय शिकवतात, हे आमच्या सासुरवाडीला आजतागायत उलगडलेलं नाही. सासूबाई मनमाडच्या. लग्नाच्या बैठकीत त्यांनी 'धोरण'ऐवजी 'धरण' ऐकलं, आणि मनमाडच्या बाईला धरणवाला जावई मिळणं म्हणजे काय, ते कोरड्या नळाला कान लावून बसलेल्यालाच कळेल. पुढे कैक वर्षं सर दिवाळीला गेले की त्या वाढता वाढता विचारायच्या, "जावईबापू, पाणी कधी सोडताय?" दुसरा कुणी असता तर हसला असता. सर पानावरून मान वर करून गंभीरपणे म्हणायचे, "आई, तुमची सूचना अगदी योग्य आहे." आणि सासूबाई शेजारणीला सांगायच्या, की साहेबांनी मनावर घेतलंय.

'हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत' हे वाक्य तुम्ही-आम्ही वर्तमानपत्रात पाहतो आणि पान उलटतो. सरांचा सगळा संसार या एका वाक्यावर उभा आहे. ज्याला झळ बसणार त्याला आधी विचारायचं, हे त्यांचं तत्त्व. तत्त्व उत्तम हो, पण ते चिवड्याला लावलं की काय होतं? एका दिवाळीला चिवडा पातळ पोह्यांचा करावा की भाजक्या, यावर त्यांनी फ्रिजवर कागद लावून घरच्यांच्या हरकती मागवल्या. मुलीने हरकत घेतली, ताईंनी त्या हरकतीवर हरकत घेतली, वरच्या मजल्यावरच्या काकूंचा या चिवड्याशी काडीचा संबंध नसताना त्यांनीही आपलं म्हणणं मांडलं. सगळ्यांचं ऐकून निर्णय झाला तेव्हा तुळशीचं लग्नसुद्धा उरकलं होतं. त्या मुलीच्या बारशाचीही हीच तऱ्हा. आत्याने सुचवलेल्या नावाला मामाची हरकत, मामाच्या नावाला आजोबांची. पोरगी शाळेत घालायची वेळ आली तरी लसीच्या कार्डावर नुसतं 'बाळ'. शेवटी ताईंनी एकटीने जाऊन शाळेत नाव घातलं आणि घरी येऊन सांगितलं. सरांनी नाव आवडल्याचं कबूल केलं, मात्र प्रक्रियेबद्दल नापसंती नोंदवली.

त्यांच्याबरोबर मिसळ खायला जाणं म्हणजे तर उपास घडण्याची हमी. टेबलावरच्या प्रत्येकाला तिखट किती, कांदा हवा की नको, पाव की ब्रेड असं विचारत बसणार, आणि शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसालाही, "आपल्याला तिखटाच्या वासाचा त्रास नाही ना?" एकदा तो वेटर कंटाळून म्हणाला, "सर, तर्री संपली. आता नुसती हरकत उरली हाये." सर इतके खूश झाले की त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघा शेठ, हा माणूस बोलला!" मी पंप-मोटारींचा धंदा करतो म्हणून ते मला शेठ म्हणतात. मी उपाशी बसलो होतो, त्याचं त्यांना काही नाही.

पण चेष्टा पुरे. सरांची ती संस्था मी आतून पाहिली आहे, कारण तिथली पाण्याची मोटार माझ्याच दुकानातून गेलेली आणि सदा नादुरुस्त. सातपूरच्या वाटेवर एका पतसंस्थेच्या वरच्या मजल्यावर सार्वजनिक धोरणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालायचा. दिवसा तरुण पोरं असायची, संध्याकाळी नोकरदार. कारखान्यातून सुटून आलेले सुपरवायझर, ग्रामसेवक, एक-दोन नगरसेवक, हातात डबा तसाच. सर तिथले संचालक, पण प्रभारी. हे 'प्रभारी' त्यांच्या नावाला असं चिकटलं होतं की ताई म्हणायच्या, "मी पण प्रभारीच बायको दिसतेय." संध्याकाळच्या वर्गातल्या काहींची पाळी बदलली की त्यांचे तास बुडायचे. सरांनी त्यांना विचारलं, त्यांनी अडचण सांगितली, आणि मग सर तोच धडा सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा शिकवायला लागले. जास्तीचं काही न घेता. मी म्हटलं, घसा बसेल. तर म्हणाले, "दुसऱ्यांदा शिकवताना मला स्वतःला कळतो हो."

मग संस्थेचं नशीब उघडलं. विश्वस्तांना पिंपळगाव बसवंतच्या बाजूला, शहरापासून चांगली लांब, हायवेलगत जागा मिळाली. काचांची इमारत, वसतिगृह, नवं इंग्रजी नाव, परदेशी पाहुणे येणार अशी बातमी. आणि सर कायमचे संचालक! प्रभारी पुसलं जाणार म्हणून आमच्या घरात पेढे आले, ताईंनी उद्घाटनासाठी पैठणी काढून ब्लाउज शिवायला टाकला. एकच बारीक अट होती: नव्या ठिकाणी फक्त पूर्णवेळ वर्ग. संध्याकाळचा वर्ग बंद. विश्वस्तांच्या मते ती अटही नव्हती, नुसती व्यवस्था होती.

आणि सरांनी काय करावं? जिन्याच्या तोंडाशी कागद लावला. स्थलांतराबाबत हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत. विश्वस्तांचा फोन आला, "अहो सर, भूमिपूजन झालंय, आता कसल्या हरकती?" सर म्हणाले, "तीच तर चूक झाली, आधी मागवायला हव्या होत्या."

मी त्या दिवशी मोटार बघायला गेलो होतो, हात काळे घेऊन मागच्या बाकावर टेकलो. दिवसाची पोरं नव्या इमारतीवर जाम खूश. त्यांची सूचना एवढीच की कँटीन चांगलं असावं. नगरसेवकांनी भाषणं केली, ती हरकत होती की सूचना ते त्यांनाही ठाऊक नसावं. मग संगीताबाई उठल्या. सातपूरला एका कारखान्यात पॅकिंगला असायच्या, जवळच्याच गावात ग्रामपंचायतीच्या सदस्य. पदर सारखा करत म्हणाल्या, "सर, लिहून देऊ का तोंडी चालंल?"

"तोंडीच द्या. तोंडीच चांगली."

"बिल्डिंगबद्दल मला काय म्हणायचं नाय. चांगली होणार म्हणतात. पण सर, पोरांची लग्नं झाल्यावर मी बीए केलं. लय उशिरा शिकाया लागले मी. आता तुम्ही लांब जाऊ नका."

एवढंच बोलून बसल्या. मला वाटलं, सर नेहमीसारखे खुलतील, वा वा म्हणतील. ते नुसते खडूकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "हरकत पोचली, बाई." आयुष्यात पहिल्यांदा विरोध ऐकून त्यांचा चेहरा पडलेला मी पाहिला, आणि घरी पैठणी काढून ठेवलेली मला माहीत होती.

पुढे विश्वस्तांच्या बैठकीत काय झालं ते सरांनीच आम्हाला घरी बसवून सांगितलं. आम्ही चौघं, चहा समोर. त्यांनी तिथे मांडलं की दिवसाचं सगळं खुशाल हायवेला न्या, संध्याकाळचा वर्ग जुन्या जागेतच चालू द्या. विश्वस्त म्हणाले, चालेल, पण पगारी माणूस आम्ही त्याला देणार नाही, मग तो बघणार कोण? सर म्हणाले, मी. आणि तिकडची संचालकाची खुर्ची? तर म्हणाले, ती लायक माणसाला द्या, मला दोन्हीकडे जमणार नाही. विश्वस्तांनी वर्ग ठेवला, मानधन ठरवलं, खुर्ची दुसऱ्याला दिली. संपलं. ताई उठून आत गेल्या, आणि आत भांड्याचा आवाजसुद्धा आला नाही, तेव्हा माझी बायको त्यांच्या मागोमाग गेली.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, चिवड्याला तुम्ही हरकती मागवता. बारशाला मागवता. आणि एवढ्या मोठ्या गोष्टीबद्दल घरात कुणाला विचारलं नाहीत?"

सर चहातली साय बोटाने बाजूला करत होते. स्वयंपाकघराकडे एकदा बघून हळू आवाजात म्हणाले, "विचारलं असतं तर हरकत आली असती, शेठ. आणि आली असती तर मला ती ऐकावी लागली असती."

आता ती काचेची इमारत उभी आहे. मालाच्या पैशासाठी पिंपळगावला जाता-येता मला ती हायवेवरून दिसते, आणि वरच्या मजल्यावरची संचालकाची ती मोठी केबिन बघून दर वेळी जीव चुटपुटतो. ताई ती पैठणी शेवटी माझ्या मुलाच्या लग्नात नेसल्या आणि सर त्यांच्याकडे असे बघत होते की मलाच लाजल्यासारखं झालं. संध्याकाळचा वर्ग चालू आहे. सरांचा गुडघा दुखतो, जिना चढताना मध्ये थांबावं लागतं, आणि संगीताबाई त्यांच्यासाठी मागे थांबतात, पण थांबलोय असं दाखवत नाहीत. माझी हरकत अजून आहे, खोटं कशाला बोलू? ती खुर्ची त्यांची होती, त्यांनी घ्यायला हवी होती, आणि कधीतरी मी ही हरकत त्यांच्या तोंडावर नोंदवणार आहे. पण मोटार बघायला गेलो की वरून त्यांचा तो बसका आवाज ऐकू येतो, "कुणाला काही वेगळं वाटतंय का? बोला ना," आणि मग मी पाना हातात घेऊन तिथेच जिन्यात उभा राहतो, आणि हरकत न नोंदवताच घरी निघून येतो.