पाळीला एकदा

सत्यशीला कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. मूळची पिशोरची, मेंढरं राखून जमेल तेवढी शेती करणाऱ्या घरातली, इंजिनिअर होऊन वाळूजला आलेली. तापून लाल झालेली लोखंडाची लादी दोन रोलांमधून पुन्हापुन्हा दाबत नेली की तिचा पत्रा होतो. तोच प्रकार ती आधी संगणकात करून बघायची. रोलाचे हजारो बारीक तुकडे कल्पायचे आणि प्रत्येक तुकड्याला किती ताप, किती ताण, ते काढायचं. "तुकडे केले की मोठं संकटही लहान दिसतं," असं ती म्हणायची. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

दुष्काळ ओळीनं पडत होते आणि शहर मात्र वाढतच चाललं होतं. बायपासला नव्या इमारतींची नावं 'सरोवर' आणि 'निर्झर', खाली टँकरवरून हमरीतुमरी. कारखान्याचंही पाणी कमी केलं. रोल गार ठेवायला तर पाणी लागतंच. साहेब म्हणाले, काटकसरीत रोल टिकतो का ते सांगा, नाहीतर तिसरी पाळी बंद करू. त्या पाळीत सत्यशीलाचा धाकटा भाऊ होता, रामप्रसाद. तिनंच त्याला चिकटवला होता.

तिनं त्यालाच विचारलं, "पाणी वाचवायला कॉक बंद करता, ते किती येळा?"

"पाळीला एकदा, आक्का. लई नाय."

आठ तासांत एकदा, असं धरून तिनं गणित मांडलं. रोल टिकतो, असं उत्तर आलं. त्या दिवशी तिनं शहागंजातून इमरती आणून सगळ्यांना वाटली.

रोलावरची माणसं बहुतेक शेतकऱ्यांघरची. शेतात वखर एकदा फिरला की एक पाळी. तशी लादी रोलांतून एकदा गेली की तीही त्यांची पाळीच. म्हणजे लादी जाईल तितक्या वेळा पाणी बंद, पुन्हा चालू. रोल तापायचा, गार पडायचा आणि तापल्या काचेवर पाणी पडावं तसा तडकत जायचा. वखराची पाळी सत्यशीलाला का माहीत नव्हती? लहानपणी वजनाला वखरावर बसलेली पोर ती! पण शहरात राहून तिच्या कानाला पाळी म्हणजे ड्युटीच झाली होती. मला अजून राग येतो, कुणावर काढावा ते कळत नाही.

रोल फुटला. उडालेला तुकडा रामप्रसादला लागला आणि त्याचा पाय गुडघ्यापासून काढावा लागला. तिसरी पाळी दुसऱ्याच दिवशी बंद झाली.

दवाखान्यात मी तिच्यासोबत गेलो. कोणत्या शब्दापायी घात झाला, ते तिनं त्याला सगळं सांगितलं. तो वर छताकडं बघत ऐकत राहिला.

"म्हंजी संगणकात तू आदी समदं करून बघितलं व्हतं? रोल, पत्रा, पाणी?"

"व्हय."

"मंग मी कुठं उभा व्हतो त्यात?"

ती रडायला लागली. "तू नव्हताच रं," ती म्हणाली. "माणूस घालायची त्यात सोयच नाय."