शेळ्यांनी टाकलेल्या बिया

परवा सुनेनं शेळ्यांपुढं बाभळीच्या शेंगा टाकल्या आणि तो आंबूस-गोड वास ओसरीपर्यंत आला. त्या वासानं मी थेट परंड्याजवळच्या या घरातल्या माझ्या पहिल्या उन्हाळ्यात गेले.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. माळावरच्या बाभळी कोळसेवाल्यांनी तोडून नेल्या होत्या, नुसता मुरूम उरला होता. मी नवी सून. शेळ्यांचा गोठा महिनाभर कुणी झाडलेला दिसेना. कौतुक होईल म्हणून मी पहाटे उठून तो लख्ख केला आणि सगळा केर उकिरड्यावर टाकला.

सासरे दुरडी घेऊन आले आणि दारातच थांबले.

“सूनबाई, माझा माळ कुठं टाकलास?”

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं, शेळ्या ओढ्याकाठी उरलेल्या बाभळींच्या शेंगा खातात आणि रवंथ करताना बिया थुंकतात. पोटात भिजलेलं ते बी माळावर लवकर रुजतं. त्यासाठीच गोठा झाडला नव्हता, आणि मिरग तर तोंडावर आलेला.

ते उकिरड्यावर बसून लेंड्यांतून बी निवडू लागले. मी पदर ओढून उभीच. सासऱ्यांसमोर बसायची रीत नव्हती.

“बस खाली,” मान वर न करता ते म्हणाले. “बी उभ्यानं दिसत न्हाय.”

मी बसले. ऊन चढेपर्यंत आम्ही निवडत होतो.

आता माळावर सुगरणींची घरटी लोंबतात, तितर ओरडतात. गुडघ्यांमुळं मला खाली बसवत नाही. उभ्यानंच बघते. बाभळी उभ्यानं दिसतात.