भुईने गिळलेली तूर आणि सीतारामचा पहारा

भजनी मंडळीत टाळ झिजतात, पखवाजाची शाई उडते. वाढत जातात ते केवळ किस्से. आरती संपली तरी कोणी लगेच घरी जात नाही, हेच त्याचे कारण असावे. साठ सालाच्या आगेमागे, मुकुटबनजवळच्या आमच्या गावात, तर प्रत्यक्ष भुईनेच तोंड उघडून आम्हांला विषय पुरवला!

* * *

आमचा टाळकरी सीताराम सकाळी वावरात गेला, तो तुरीच्या चार ओळी जागेवर नाहीत. तेथे विहिरीएवढा गोल खड्डा! धापा टाकीत तो घरी आला. त्याची बायको रुखमाबाई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही.

“तीन वर्सं झाले, विहीर खना, विहीर खना म्हून राह्यली मी. तुमची वाट पाहू पाहू भुईनंच खनली!”

* * *

मंडळींचे प्रमुख आबाजी मूळचे आर्णीचे. त्यांनी निवाडा दिला, “आमच्या आर्णीले भुई भेगाळते, पन मानसाचं पीक गिळत नाही. ज्याचं वावर खचते, त्याच्या पदरी पाप असते. सीतारामा, यंदा सप्त्यात वीणा तुले नाही!”

आमच्या सप्ताहात वीणा सात दिवस अखंड उभी असते. पहाऱ्यामागून पहारा ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. जमिनीला म्हणून टेकत नाही. सीतारामचा पहारा बारा वर्षांत कधी चुकला नव्हता. त्या दिवशी तो जेवला नाही.

* * *

पुढे आठ दिवस तो आपले पाप आठवीत बसला. अखेर सापडले! लहानपणी नैवेद्याआधी त्याने गूळ खाल्ला होता.

रुखमाबाई उसळली, “एवढ्याशा गुळापायी चार ओळी तूर जाते, तं देवळात बसून तपकीर ओढनाऱ्या आबाजीपायी अख्खं गाव जाईन!”

* * *

मग आम्ही तो खड्डा बुजवायचे ठरवले. नामघोष करीत बावीस गाड्या दगडमाती ओतली, वर तुळस लावली. दोन पावसांत सारे आत!

काठावर उभा राहून सीताराम हळूच म्हणाला, “तुळस ठेवून घेतली भुईनं. म्हंजे माझ्यावर राग नाही तिचा!”

* * *

त्याच सुमारास नागपूरहून दगड तपासणारे एक साहेब आले. त्यांनी खड्ड्याच्या काठचा पांढुरका दगड उचलून त्यावर बाटलीतल्या तेजाबाचा थेंब टाकला. दगड फसफसला! मग म्हणाले, “आता एखादा काळा दगड आणा.” आबाजींनी घरून आर्णीचा वरवंटा आणला. त्यावर थेंब पडला, काही नाही.

“पाहा!” आबाजी गरजले. “आमचा निष्पाप! पांडुरंगाचाही हाच वर्ण!”

साहेब हसले. “आबाजी, खड्ड्याकाठचा हा पांढुरका दगड चुनखडीचा आहे. पावसाचं पाणी हवेतून, मातीतून किंचित आंबट होऊन फटींत उतरतं आणि हजारो वर्षांत याला विरघळवतं. आत पोकळी होते. वरची माती एके दिवशी खचते. या वावराच्या खोलगट भागात नाल्याचं पाणी मुरतं, म्हणून ते आधी खचलं. आर्णीचा काळा दगड असा विरघळत नाही.”

“आन् पाप?” आबाजींनी विचारले.

“पाप धुतलं जातं की नाही, ते तुम्ही सांगा. दगड धुतला जातो, एवढं मी सांगतो.”

मला ते बोलणे एखाद्या निरूपणासारखे वाटले. जे एका थेंबाने होत नाही, ते अखंड थेंबांनी होते. आम्ही नामाविषयी दुसरे काय सांगतो? आबाजी मात्र वरवंटा पुशीत म्हणाले, “दगडाचं झालं. वीणेचं मी पाहीन.”

* * *

सप्ताह लागला. शेवटच्या दिवशी दुपारी वीणा आबाजींच्या गळ्यात होती. पहारा संपला, पण पुढच्या पहाऱ्याचा माणूस तापाने फणफणला असल्याचा निरोप आला. आम्ही बाकीचे काल्याच्या तयारीत, पीठ-दह्याने हात भरलेले. सत्तरीतल्या आबाजींना आणखी एक पहारा उभे राहणे शक्य नव्हते. समोर हातपाय धुऊन उभा होता एकटा सीताराम!

त्याने हात पुढे केले नाहीत.

आबाजींनी एकदा सीतारामकडे पाहिले, एकदा पायाखालच्या पांढुरक्या अंगणाकडे. मग वीणा गळ्यातून काढून त्याच्या गळ्यात घातली.

“घे बाप्पा! या भुईपरीस तूच भरोशाचा!”