बीजातल्या कड्यांची भरपाई

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही गिचमीड आहे, त्याची माफी असावी. चौथीनंतर माझ्या हातात पेनापेक्षा मेंढरांमागची काठीच जास्त राहिली.

चाळिशीला टेकले तेव्हा माझं तिसरं पोट पडलं. या वेळी तपासणी केली. बीडच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर धाग्यांच्या जोड्या काढून दाखवल्या.

"बाईच्या बीजात गुणसूत्रांच्या, म्हणजे या धाग्यांच्या, अशा जोड्या असतात. प्रथिनांच्या कड्या त्यांना धरून ठेवतात. दुसरं एक प्रथिन कड्यांची राखण करतं. वेळ आली की कड्या तुटतात आणि धागे दोन्हीकडं सारखे वाटले जातात. पण या कड्या आईच्या पोटातच बसतात, नव्या मिळत नाहीत. वयानं झिजल्या की जोडी आधीच सुटते अन् एखादा धागा भलतीकडं जातो, मग गर्भ टिकत नाही. यात कुणाचा दोष नाही."

शेवटचं वाक्य सोबत आलेल्या सासूबाईंनी ऐकलंच नाही.

"म्हंजे आमच्या घरी कायी बिघडलं न्हाई. जल्माचीच खोड हाय!"

"खोड नाही हो आजी, वय."

"बाजारात मेंढीची जल्माची खोड निघाली, तर विकणारा पैसे देतो, न्हाईतर मेंढी माघारी नेतो. तपासणीचे पैसे इहीणबाईनं द्यावेत, न्हाईतर लेक न्यावी."

नवरा मेंढरं घेऊन लांब गेला होता. घरी असता तरी बोलला नसता. माझं गाठोडं दाराशी आलं. मग आईनं बोरमाळ मोडली, पैसे दिले आणि गाठोडं परत आत गेलं.

वर्षभरानं चौसाळ्याला दिलेल्या माझ्या थोरल्या नणंदेचं पोट पडलं. डॉक्टरीणबाई त्याच, कड्याही त्याच. तिच्या सासूचा निरोप आला: तपासणीचे पैसे पाठवा, नाहीतर लेक न्या. खोडीचा कायदा तिला आमच्याच सासूबाईंनी मोठ्या कौतुकानं सांगितला होता.

सासूबाई तापल्या. "कड्या काय मी आत जाऊन बसवल्या काय? आईला काय ठावं आत काय चाललंय ते!"

मी चुलीकडं बघतच बोलले, "मग माझ्या आईनं बसवल्या व्हय, आत्याबाई?"

त्यांनी करपलेली भाकरी तव्यावरून उतरवली. चौसाळ्याला भांडायला जायचं, तर आधी इकडचं मिटवणं भागच होतं. बाजारच्या दिवशी त्यांनी आपल्या दोन मेंढ्या विकल्या, तिथूनच माझ्या माहेरी गेल्या आणि आईच्या हातावर सगळे पैसे ठेवले. एक रुपयाही कमी नव्हता.