दोन भगिनींतल्या थोरल्या

आमच्याकडे तबकडी लागली की वत्सलावहिनी आतल्या बाजूला तोंड करून तांदूळ निवडायला बसायच्या. बाकीच्या बायका फोनोभोवती गोळा व्हायच्या, आणि या मात्र सूप मांडीवर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात, सगळ्यांकडे पाठ करून. गाणं संपून मी सुई उचलली की मान न वळवता विचारायच्या, "कसं वाटलं गं?" कुणी उलट त्यांनाच विचारलं तर उत्तर ठरलेलं, "तुम्ही सांगा हो. मला काय कळतंय त्यातलं!"

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. डोंबिवली तेव्हा गावच होतं. आमच्या चाळीच्या मागच्या भिंतीला भातखाचरं लागलेली. मी नवीन लग्न होऊन आलेले. घरात सासू नाही, ह्यांना गाण्याचं वेड आणि चावीचा फोनो, त्यामुळे दुपारची सगळी चाळ माझ्याकडे. वत्सलावहिनी शेजारच्याच खोलीतल्या. त्यांचं माहेर कल्याणला, म्हणजे मधे एक ठाकुर्ली सोडली की झालं. तरी वर्षातून दोनदा जायला मिळायचं, तेही सासूबाईंनी, गोदाकाकूंनी, पंचांग बघून 'हो' म्हटलं तर. नवरा सज्जन होता. इतका सज्जन, की त्याला काहीही विचारलं तरी "आईला विचार" एवढंच सांगायचा.

त्या वर्षी ह्यांनी दोन तबकड्यांचा एक संच आणला. चार गाणी, सगळी जात्यावरच्या ओव्यांच्या चालीवरची. वर छापलेलं, 'पारंपरिक स्त्रीगीते : दोन भगिनी'. नाव नाही, गाव नाही. त्यातली एक ओवी आमच्या चाळीत महिनाभर सगळ्यांच्या तोंडी होती :

माझ्या माहेराची वाट, एका हाकेचं अंतर,
आधी सासूचा होकार, पाय उचलू नंतर.

मतं काय, प्रत्येकाला होतीच. कोपऱ्यातल्या खोलीतले निवृत्त मास्तर दारात उभं राहून ऐकायचे, कारण बायकांच्यात बसणं त्यांना शोभत नसे. त्यांनी निकाल दिला, "किमान दोनशे वर्षांपूर्वीची रचना आहे. भाषेचा बाज बघा. आजकालच्या बायकांना हे सुचायचं नाही." वरच्या मजल्यावरच्या शिक्षित सूनबाई म्हणाल्या, थोरली वाटते तिचा आवाज जरा घोगरा आहे, धाकटीचा बरा. मी म्हणाले, मला घोगराच आवडतो. वत्सलावहिनींनी सुपातला एक खडा बराच वेळ शोधला.

भाजी घेऊन येणारी पारूबाई आगरी पाड्यावरची. पाटी उतरवून तीही उंबऱ्याशी टेकायची. मास्तरांचं ऐकून ती हसली. "दोनशे वरसां? काय सांगतंस मास्तर! या जुना नाय. जिचा हाय ना, ती बाय अजून जिती हाय." मास्तरांनी तिला उत्तर द्यायच्या लायकीची मानलं नाही.

मला खरं कळलं ते एका दुपारी, मी पाणी प्यायला आत गेले तेव्हा. गाणं चालू होतं, आणि समोरून पहिल्यांदाच वहिनींचं तोंड दिसलं. त्यांचे ओठ हलत होते, आणि तबकडीतला शब्द यायच्या आधी हलत होते. गाणारी श्वास घ्यायची तिथे यांचीही छाती वर व्हायची. मी बघितलेलं त्यांनी बघितलं. सूप खाली ठेवून माझं मनगट एवढं घट्ट धरलं, की बांगडी रुतली.

"सुधा, शपथ आहे तुला."

मग हळूहळू सगळं सांगितलं. ओव्या वहिनींनी रचलेल्या, इथेच, पहाटे पीठ दळताना, तोंडातल्या तोंडात. खिडकीखालून जाणाऱ्या पारूबाईखेरीज त्या कुणी ऐकल्या नव्हत्या. माहेरी गेल्या की धाकट्या कमळला म्हणून दाखवायच्या. कमळ कल्याणला शाळेत शिकवायची. तिथल्या एका बाईंचा भाऊ रेकॉर्डच्या कंपनीत होता. त्याने ऐकलं आणि दोघींना मुंबईला बोलावलं. वहिनींनी सासरी सांगितलं, कमळला बघायला मंडळी येणार आहेत. एका दिवसात चारही गाणी झाली. परत आल्यावर गोदाकाकूंनी विचारलं, "काय मग, पसंत पडली का?" तर म्हणे, "कळवतो म्हणालेत." हे सांगताना वहिनी तोंडावर पदर दाबून इतक्या हसल्या, की डोळ्यांत पाणी आलं.

'पारंपरिक' हा शब्द त्यांनीच घालायला लावला होता. जुनं म्हटलं की सासूविषयी काहीही गाता येतं, कुणी कुणाला धरत नाही. फक्त त्या आडोशाला दार एकच होतं आणि ते बाहेरून लागलं. लोक वाहवा करत ती दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या कुणा बाईची, आणि जिवंत बाई पाठ करून तांदूळ निवडत बसे.

गोदाकाकू मुद्दाम कधी कुणाकडे जायच्या नाहीत. पण गाणी भिंतीतून ऐकू येत. एके दिवशी स्वतःच आल्या. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, हातात जपमाळ. मी सुई जरा उशिरानेच टेकवली. तिसरं गाणं लागलं :

किल्ली सासूच्या कमरेला, घर उघडे सगळे,
माझ्या तोंडाचे कुलूप, तिला नाही गं दिसले.

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. "अशीच होती हो माझी सासू," म्हणाल्या. "अगदी अशीच. नवव्या वर्षी आले मी या घरात. कुणाशी बोलायची चोरी." नाक पुसलं, आणि त्याच ओल्या आवाजात, "वत्सला, अगं बसलीस काय? चहा टाक जा."

त्यानंतर त्या रोज येऊ लागल्या. तेच गाणं, तीनतीनदा. स्वतःला त्यांनी ओळखलं नाही, आणि आपल्या सुनेला तर मुळीच नाही. मला हसावं की चिडावं कळेना. वहिनी म्हणायच्या, "रडतात ना, रडू देत. मला काय कळतंय त्यातलं!"

मग कमळ आली. अशी न कळवता ती कधी यायची नाही. कंपनीला दुसरा संच हवा होता. आता नावं छापणार होते, दोघींची, आणि खाली 'रचना' म्हणून वहिनींचं. पंधरा दिवसांत मुंबईला जायचं होतं. माझ्याच स्वयंपाकघरात दोघी कुजबुजत बसल्या होत्या.

"परत मुलगी दाखवायची सबब चालायची नाही," कमळ म्हणाली. "ताई, खरं सांगून टाक. फार तर काय होईल? रागावतील."

"एकटी गा ना तू."

"रचना कुणाची आहे? आणि तुझ्या आवाजाखाली उभी राहून मी गाते. एकटीचं गाणं ते नव्हेच."

वहिनींनी पाठ सरळ केली. मग म्हणाल्या, "उद्या सांगते. सुधा, तू थांब माझ्याजवळ." त्या चाळीतल्या माझ्या नऊ वर्षांत मी त्यांना एवढं ताठ बसलेलं ना आधी पाहिलं, ना नंतर.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या बायका उठून गेल्यावर आम्ही तिघीच उरलो. वहिनी सूप बाजूला ठेवून सासूबाईंसमोर येऊन बसल्या. हात मांडीवर घट्ट धरलेले. "आई, तुम्हांला एक सांगायचंय. या गाण्याबद्दल."

पण काकू अजून गाण्यातच होत्या. म्हणाल्या, "वत्सला, खरं सांगू? मला जन्मात मैत्रीण नव्हती. हिच्याशी मी मनातल्या मनात बोलते. कोण असेल गं ही? एकदा भेटायला हवी होती मला. सांगितलं असतं, बाई, तुझं माझं एकच."

मी वहिनींच्या गुडघ्याला हात लावला. बोला, आता बोला. वहिनींनी तोंड उघडलं.

"ती केव्हाच गेली असेल हो, आई," त्या म्हणाल्या.

कमळने कंपनीला नकार कळवला. दुसरा संच निघालाच नाही. पुढे ह्यांची बदली झाली आणि आम्ही ठाण्याला आलो. गोदाकाकू अंथरुणाला खिळल्या तेव्हा मी भेटायला गेले होते. त्यांचं सगळं वहिनी करत होत्या. न्हाऊमाखू घालण्यापासून भरवण्यापर्यंत. ओव्या रचणं थांबलं होतं. निघताना जिन्यात मी न राहवून विचारलं, "का नाही सांगितलंत त्या दिवशी? ऐकलं असतं त्यांनी. तुम्हांला जवळ घेतलं असतं."

"घेतलं असतं," वहिनी म्हणाल्या. "पण मग गाण्यातली ती सासू कोण, हेही कळलं असतं. त्यांचं एवढं वय झालेलं. त्यांना आयुष्यात एक मैत्रीण मिळाली होती. ती काढून घेऊन मी त्यांच्या हातात आरसा द्यायचा?"

गेल्या वर्षी वहिनी गेल्याचं कमळचं पत्र आलं. लोक म्हणाले, फार सोसलं, फार मोठ्या मनाच्या. मलाही तसंच म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मला त्यांचा राग येतो, अजून येतो. दुसऱ्या संचासाठी त्यांनी जुळवून ठेवलेल्या चार ओव्या, कमळ येऊन गेली त्या दुपारी, मला म्हणून दाखवल्या होत्या, आणि त्यातली एकसुद्धा मला आठवत नाही.