डोनालच्या चाळीस गोळ्या

गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी आयर्लंडमधल्या एनिस गावाबाहेर, डोनालच्या घरामागच्या शेडमध्ये उभा होतो. समोर बाकावर शिशाच्या चाळीस गोळ्या आणि दोन अवजारं... त्यातलं एक मला निवडायचं होतं.

डोनाल आमच्या प्लांटच्या टूलरूममध्ये होते. इथे सगळे एकमेकांना नावानंच हाक मारतात, म्हणून डोनाल... पण लिहिताना 'ते'च येतं. २००१ मध्ये पुण्याहून इथे आलो तेव्हापासून माझं त्यांच्याशी रोजचं काम. त्या शनिवारच्या महिनाभर आधी ते अचानक गेले. अंत्यविधीला रांगेनं घरच्यांशी हात मिळवायचा आणि दोन शब्द बोलायचे, अशी इथली रीत. मला हात मिळवता आला. शब्द आले नाहीत.

त्यांना नेमबाजीचा नाद होता. रायफल जुन्या पद्धतीची, नळीच्या तोंडाकडून भरायची. गोळ्या ते घरीच ओतायचे. पण ओतलेली गोळी तशीच चालत नाही. ती पोलादी डायच्या भोकातून दाबून नेमक्या मापात आणायची आणि तिच्या खाचांत मेण-चरबीचं वंगण भरायचं. माप एकदा कमी झालं की झालं... परत वाढत नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्यांना जाऊन महिना होत होता. सकाळी चर्चमध्ये त्यांच्या नावानं प्रार्थना, आपल्याकडे महिन्याचं करतात तसंच. दुपारी क्लबची स्पर्धा. त्यात त्यांची मुलगी ऊना त्यांच्याच रायफलनं, त्यांनी शेवटी ओतलेल्या गोळ्या झाडणार होती. त्या मापात आणायच्या राहिल्या होत्या. त्यांच्या पत्नीचा, ब्रीडांचा मला फोन आला. "तू मापांचा माणूस. तूच ये. हिला घाई फार आणि मला दिसत नाही."

पहिलं अवजार म्हणजे डोनालनी स्वतः केलेली डाय. पोलादाचा ठोकळा, त्यात भोक, सोबत एक दांडा आणि लाकडी हातोडी. वंगणासाठी पत्र्याचा पसरट डबा. गोळ्या त्यात उभ्या करून भोवती वितळलेलं मेण ओतायचं, आणि थिजलं की पितळी नळीनं एकेक कापून काढायची, वड्या पाडाव्यात तशी.

दुसरं म्हणजे दांडीचं नवं मशीन. एकदा दांडी ओढली की माप आणि वंगण दोन्ही एकदम. बाबांची बोटं दुखायला लागली म्हणून ऊनानं साठाव्या वाढदिवसाला दिलेलं. खोक्यात अगदी नवंकोरं दिसत होतं.

मी मशीन निवडलं. त्याच्या डायवर आकडा कोरलेला होता, आणि रायफलच्या कागदांत तोच आकडा होता. जुन्या डायवर काहीच नव्हतं. डोनाल मला नेहमी चिडवायचे, "ड्रॉइंग काय म्हणतं ते तुमच्या ऑफिसात. इथे भोकाला विचारायचं." त्या दिवशी ते आठवलं नाही.

तीन गोळ्या काढल्या. चकचकीत, खाचांत मेण काठोकाठ. मायक्रोमीटर लावला तर कोरलेल्या आकड्यापेक्षा दोन थाउ जास्त. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पुन्हा मोजलं, तेच.

"मशीन खराब निघालं का?" ऊनानं विचारलं. तिचा चेहरा पडला होता.

तेवढ्यात ब्रीडा चहा घेऊन आल्या. चहाचे मग ठेवायला त्यांनी बाकावरची तंबाखूची एक डबी सरकवली, आत काहीतरी वाजलं. उघडली तर मऊ शिशाचा एक तुकडा, त्याभोवती डोनालच्या अक्षरातली चिठ्ठी... 'हिचं खरं माप'. रायफलच्या नळीतून ठोकून काढलेला तुकडा होता तो, म्हणजे नळीच्या आतल्या मापाचा. मोजला. कागदावरच्या आकड्यापेक्षा चार थाउ जास्त. माझ्या तिन्ही गोळ्या त्या नळीत सैल झाल्या असत्या.

डबीत आणखी एक वस्तू होती. बारीक पॉलिश पेपर गुंडाळलेली लाकडी काडी. मी ती मशीनच्या डायमध्ये घालून बघितली... बरोबर बसली.

मला कळायला थोडा वेळ लागला. लेकीनं दिलेल्या मशीनची डाय त्यांच्या रायफलला लहान पडत होती. त्यांनी ती परत केली नाही, कुणाला सांगितलंही नाही. हातानं घासून भोक मोठं करत होते. दोन थाउ झाले होते, दोन राहिले होते.

ऊना ती काडी हातात धरून बसली. "मला म्हणाले होते, ग्रँड आहे. एकदम ग्रँड."

"तुला दुसरं काय म्हणणार होते?" ब्रीडा म्हणाल्या. "रोज संध्याकाळी इथे खसाखसा चाललेलं असायचं. मला वाटायचं, भांडी घासायची टाळतात."

मी त्या तीन गोळ्यांबद्दल माफी मागितली. "ते दहातल्या चार परत वितळवायचे," त्या म्हणाल्या. "तू चाळीसातल्या तीन घालवल्यास. चहा पी."

उरलेल्या सदतीस गोळ्या आम्ही जुन्या डायमधून काढल्या. आकडा नसलेल्या त्या भोकातून आलेली प्रत्येक गोळी चिठ्ठीतल्या तुकड्याशी तंतोतंत जुळत होती. ऊनानं मेण ओतलं, मी वड्या पाडल्या. दुपार उलटून गेली.

रविवारी ऊनाची पहिली गोळी नळीत बोटाच्या दाबानं सरळ उतरली, ना सैल ना घट्ट. तिनं मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. ती कितवी आली ते मी विचारलं नाही. निशाण्याचा कागद ब्रीडांनी घडी घालून पर्समध्ये ठेवला.

मशीनची डाय मी ऊनाकडून मागून घेतली आहे. रोज चहाच्या सुट्टीत टूलरूममध्ये त्यांच्या बाकावर बसतो, त्यांच्याच काडीला पेपर गुंडाळतो आणि फिरवत राहतो. कुणी काही विचारत नाही. रांगेत जे बोलायचं राहिलं, ते बहुतेक हेच असावं.

एक थाउ अजून बाकी आहे. त्यांनी घाई केली नव्हती, मीही करणार नाही.