गुळाच्या चहातला माळ

लातूर जिल्हा झाला आणि मागोमाग दुष्काळ आला, जणू उद्घाटनाचं आमंत्रण त्यालाही होतं. औशाला आमच्या शाळेतले चित्रकलेचे वीरभद्र मास्तर जलरंगाखेरीज कशाला हात लावत नसत. तेलरंग म्हणजे दारं-खिडक्या, असं त्यांचं मत. त्यांच्या घरात पाणी टँकरचं. त्यांच्या पत्नी शिवगंगावहिनींनी चित्रासाठी रोज एक वाटी मंजूर केली होती. तीही वापरून झाली की कढीपत्त्याला. निळसर मातीतला कढीपत्ता मी तेवढाच पाहिला.

त्यात नव्या जिल्ह्याचं चित्रप्रदर्शन निघालं. निवडलेलं चित्र कचेरीच्या हॉलात लागणार होतं. वहिनींनी बजावलं, “लागलं तर लागलं. न्हाईतर रंगाची पेटी माळ्यावर!”

मास्तर मला घेऊन धोंडप्पांच्या दुकानात गेले, तर तपकिरी संपलेला.

“तुमचीच पोरं घेऊन गेली की मास्तर. समदी शेत काढून राहिलीत. हिरवा न्या, लई पडलाय.”

“लावू कुठं? हिरवं रान दाखव आधी.”

“मग लालात कालवा, झाला तपकिरी.”

“अन् दर खेपेला ब्रश धुऊ कशात? तुझ्या घामात?”

घरी येऊन मास्तर चित्राला बसले. आभाळ झालं, रस्ता झाला, रस्त्याच्या टोकाला टँकर झाला. माळ तेवढा कोरा. वहिनींनी गुळाचा कोरा चहा वाटीशेजारी ठेवला आणि मास्तरांनी तंद्रीत ब्रश नेमका कपात बुडवला. कागदावर फटकारा पडला. हुबेहूब औशाच्या किल्ल्यामागचा मुरूम! मास्तरांनी सगळा माळ चहानंच रंगवला आणि आणखी एक कप मागितला.

“चहा पिऊन राहिलात का पाजून राहिलात?” वहिनी म्हणाल्या. मग चित्राकडं वळल्या. “टँकर हाय अन् पुढं माणूस न्हाई?”

पण वाटी संपली होती. चित्र तसंच गेलं.

प्रदर्शनात निवड करायला आलेले कचेरीतले साहेब चित्रापुढं थबकले. “वा! रांग काय काढलीय! अगदी पुढं सरकल्यासारखी वाटते.”

आम्ही वाकून पाहिलं. चहातल्या गुळावर आलेल्या मुंग्या शिस्तीत टँकरपर्यंत गेल्या होत्या.

“खऱ्यापेक्षा लवकर सरकती साहेब,” वहिनी म्हणाल्या.

चित्र निवडलं गेलं. पुसून, काच लावून हॉलात चढलं. साहेबांनी निरखून पाहिलं आणि कपाळाला आठ्या पडल्या. “मास्तर, रांग कुठं गेली?”

मास्तर काचेआड मुंग्या शोधू लागले. वहिनींनी पदर सावरला.

“पाणी मिळालं, न्हवं का साहेब? घरला गेली.”

साहेब हसले. चित्र भिंतीवर राहिलं आणि पेटी माळ्याखाली.